मूत्ररोगशास्त्रातील संशोधन-प्रशिक्षण आणि प्रश्नाची भाषा

भाषाविभागाच्या संशोधन-पत्रिकेत मूत्ररोगशास्त्रावरील लेख यावा, याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. म्हणून या दोन विषयांचा संबंध आरंभीच स्पष्ट करणे इष्ट होईल. मूत्ररोगशास्त्रात, म्हणजे ज्याला रुग्णालयात सर्रास युरॉलॉजी म्हणतात त्या शाखेत, संशोधन शिकू लागलेल्या तरुण डॉक्टराच्या हाती प्रथम जी साधने येतात, त्यांपैकी बरीचशी वाक्यांची बनलेली असतात. रुग्णाला विचारावयाचे प्रश्न, त्याला द्यावयाच्या सूचना, त्याच्यापुढे ठेवावयाचे संमतिपत्र आणि उत्तरे भरावयाचा तक्ता ही ती साधने होत. मूत्रमार्गाच्या विकारांत रुग्णाचा त्रास पुष्कळदा त्याच्या सांगण्यावरूनच मोजावा लागतो. हे सांगणे आणि विचारणे मराठीत होते. आणि त्याची नोंद मात्र इंग्रजीत होते. या दोहोंच्या मध्ये जे निसटते, ते संशोधनाच्या निष्कर्षातूनही निसटते.

प्रस्तुत लेखात प्रथम वैद्यकीय विद्यार्थी व नवोदित डॉक्टर यांना या शाखेत संशोधन शिकण्याच्या कोणत्या संधी आहेत, याचा आढावा घेतला आहे. त्यानंतर त्या संधीचे सार्थक कशाने होते, याचा विचार केला आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, उपलब्ध काळात मावेल एवढाच प्रश्न निवडणे आणि तो रुग्णाच्या भाषेत नेमका विचारणे, या दोन गोष्टी साधल्या तर लहानशा संधीतूनही खरा संशोधक घडू शकतो. त्या साधल्या नाहीत तर तीन वर्षांचा प्रबंधही केवळ नियमपूर्ती ठरतो.

१. प्रशिक्षणाच्या पायऱ्या

पहिली पायरी पदवीपूर्व काळातच लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ साली एम.बी.बी.एस. व दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यार्थिवृत्तीची योजना सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयातील एका अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली विषय निवडावा, त्याचा आराखडा परिषदेकडे पाठवावा, संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता मिळवावी, दोन महिने काम करावे आणि अहवाल सादर करावा, असे तिचे स्वरूप आहे. अहवाल मान्य झाल्यास प्रमाणपत्र व विद्यावेतन मिळते. अटी व रकमा वेळोवेळी बदलतात; म्हणून त्या त्या वर्षीची सूचनाच प्रमाण मानावी.

दुसरी पायरी म्हणजे एम.एस.चा प्रबंध. आपल्याकडे मूत्ररोगतज्ज्ञ होऊ इच्छिणारा डॉक्टर प्रथम सामान्य शल्यचिकित्सेची तीन वर्षांची एम.एस. पदवी घेतो. या पदवीसाठी प्रबंध सक्तीचा असतो. ज्याला पुढे मूत्ररोगशास्त्राकडे वळावयाचे आहे, त्याला मूत्रवाहिनीतील खडा, प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, मूत्रमार्गाचे आकुंचन असे विषय येथेच घेता येतात. संशोधनपद्धतीची तोंडओळख व्हावी म्हणून चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेने तयार केलेला दूरस्थ अभ्यासक्रमही पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुरा करावा लागतो.

तिसरी पायरी एम.सीएच. या तीन वर्षांच्या उच्च पदवीची, अथवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या तत्सम अभ्यासक्रमाची. येथे विद्यार्थी दररोज मूत्ररोगविभागातच वावरतो. शल्यकर्माचे शिक्षण व संशोधन यांचा मेळ कसा घालावा, हा या काळातील नित्याचा पेच असतो. गुजरातेतील नडियाद येथे १९७८ पासून चालू असलेले मुळजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालय किंवा वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांसारख्या संस्थांत रुग्णसेवा, अध्यापन व संशोधन यांची सांगड दीर्घकाळ घातली गेली आहे. भारतीय मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना १९६१ पासूनची, तर तिचे इंग्रजी नियतकालिक १९८४ पासूनचे आहे. नवोदिताला आपला पहिला निबंध वाचण्यास किंवा छापण्यास ही व्यासपीठे जवळची होत.

त्यापुढच्या पायऱ्या अधिक विशिष्ट आहेत. प्रोस्टेट, मूत्राशय व मूत्रपिंड यांच्या कर्करोगात रस असणाऱ्यांस मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र जवळचे. या केंद्राच्या पुढाकाराने नवोदित कर्करोगतज्ज्ञांसाठी जी संशोधनपद्धतीची निवासी कार्यशाळा भरते, तिची रीत अनुकरणीय आहे. तेथे येणारा डॉक्टर केवळ एक कल्पना घेऊन येतो आणि अनुभवी मार्गदर्शकांच्या सहवासात आठवडाभरात तिचा संपूर्ण आराखडा लिहून काढतो. युरोपात युरोपीय मूत्ररोग संघटना तरुणांना अल्पकालीन भेटींसाठी, तसेच प्रयोगशाळेत वा रुग्णालयात वर्षभर संशोधन करण्यासाठी शिष्यवृत्त्या देते. अमेरिकेतील मूत्ररोग संघटनाही वैद्यकीय विद्यार्थ्यांस उन्हाळी सुट्टीत, व पदवीनंतर पूर्ण वेळ, संशोधनास साहाय्य करते.

२. काळाचे माप आणि प्रश्नाचे माप

संधींची ही यादी वाचून एखाद्याचा असा समज होईल की, जेवढी संस्था मोठी तेवढे शिक्षण मोठे. वस्तुस्थिती तशी नाही. नवशिक्याची पहिली अडचण संस्थेपेक्षा प्रश्नाशी अधिक निगडित असते. दोन महिन्यांच्या विद्यार्थिवृत्तीसाठी ‘मुतखडा पुन्हा का होतो?’ हा विषय घेणारा विद्यार्थी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो; कारण खडा पुन्हा होतो की नाही हे कळण्यास वर्षे लागतात. तोच विषय कापून, तासून लहान करता येतो.

एक उदाहरण घेऊ. ज्यांना वारंवार खडे होतात, अशा रुग्णांची चोवीस तासांची लघवी साठवून तपासतात. तीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल, सायट्रेट इत्यादींचे दिवसभराचे प्रमाण मोजतात. साठवण्याची रीत अशी: पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावयाची आणि वेळ टिपून ठेवावयाची, त्यानंतरची दिवसभराची व रात्रीची प्रत्येक लघवी भांड्यात धरावयाची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उठल्यावरची पहिली लघवी मात्र भांड्यात घालून साठवण संपवावयाची. एकाच नावाची वस्तू एका सकाळी टाकावयाची आणि दुसऱ्या सकाळी ठेवावयाची, ही सूचना ऐकताना गोंधळात टाकते. ‘सकाळची पहिली लघवी घ्यायची नाही’ एवढेच रुग्णाच्या लक्षात राहिले, तर रात्रभरात मूत्राशयात साठलेली लघवी वगळली जाते आणि सर्व आकडे खोटे ठरतात. क्रिएटिनिनच्या प्रमाणावरून साठवण अपुरी असल्याचा संशय घेता येतो. परंतु तोवर रुग्णाचा दिवस व पैसा खर्च झालेला असतो.

आता दोन महिन्यांत सुटेल असा प्रश्न पाहा. ही सूचना तोंडी सांगितल्यावर किती रुग्ण ती बिनचूक परत सांगू शकतात? तीच सूचना ‘आजची पहिली टाकावी, उद्याची पहिली धरावी’ अशा जोडवाक्याने दिल्यास किंवा लेखी कागदावर घड्याळाच्या वेळांसह दिल्यास त्या संख्येत फरक पडतो काय? यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो ठरवून घेतलेला क्रम, प्रत्येक रुग्णास एकाच शब्दांत विचारण्याची शिस्त आणि चुकीचे उत्तर जसेच्या तसे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा. ही तिन्ही अंगे पुढच्या प्रत्येक मोठ्या संशोधनाचा पाया आहेत.

दुसरे उदाहरण पाण्याचे. मुतखड्याच्या रुग्णास ‘खूप पाणी प्या’ असे सांगण्याचा प्रघात आहे. अमेरिकेच्या मूत्ररोग संघटनेच्या मार्गदर्शनात जे माप आहे ते मात्र दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी, असे आहे. म्हणजे माप प्यालेल्या पाण्याचे नसून झालेल्या लघवीचे आहे. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराचे बरेचसे पाणी घामावाटे जाते. सावलीत बसून काम करणाऱ्या कारकुनाचे तितके जात नाही. ‘खूप’ हा शब्द दोघांनाही सारखाच सांगितला, तरी त्याचा अर्थ दोघांच्या शरीरात सारखा राहत नाही. ‘खूप’ म्हणजे रुग्णाच्या मनात किती तांबे, हा एवढासा प्रश्नही नीट विचारला तर संशोधनाचा विषय होऊ शकतो.

३. एकट्याचा प्रबंध आणि अनेकांचे काम

एका विद्यार्थ्याने, एका रुग्णालयात, दीड-दोन वर्षांत जमविलेले रुग्ण बहुधा थोडे असतात. थोड्या रुग्णांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. या अडचणीवर ब्रिटनमधील प्रशिक्षणार्थी मूत्ररोग-शल्यचिकित्सकांनी काढलेला तोडगा अभ्यसनीय आहे. त्यांनी ‘बर्स्ट’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक सहकारी मंडळ स्थापन केले. या मंडळात प्रश्न निवडणे, आराखडा लिहिणे व नोंदी गोळा करणे ही कामे मुख्यतः प्रशिक्षणार्थीच करतात; प्रत्येकाने आपल्या रुग्णालयातील रुग्णांची माहिती एकाच ठरलेल्या तक्त्यात भरावयाची असते.

या मंडळाचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मूत्रवाहिनीतील खड्यामुळे उठणाऱ्या तीव्र कळांविषयी आहे. रुग्ण दाखल होताना त्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या पाहून खडा आपोआप पडेल की नाही हे सांगता येते काय, असा त्यांचा प्रश्न होता. चार देशांतील ७१ रुग्णालयांतून ४,१७० रुग्णांची माहिती जमली, आणि उत्तर ‘नाही’ असे आले. नकारार्थी उत्तरास आपल्याकडे अनेकदा अपयश समजतात. परंतु एखाद्या तपासणीवर विसंबून निर्णय घेऊ नये हे ठामपणे कळणे, हा रुग्णाच्या दृष्टीने मोठाच लाभ आहे. लघवीतून रक्त जाण्याच्या तक्रारीवर याच मंडळाने २६ देशांतील ११० रुग्णालयांमधून १०,८९६ रुग्णांची माहिती एकत्र केली. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत नवशिक्यास मिळणारे शिक्षण दुहेरी आहे. पहिले असे की, शंभर ठिकाणी शंभर माणसे जो तक्ता भरणार, त्यातील प्रत्येक शब्दाची व्याख्या आधी करावी लागते. ‘खडा पडला’ म्हणजे काय? रुग्णाने तो डोळ्यांनी पाहिला, क्ष-किरणचित्रात तो दिसेनासा झाला, की पुन्हा कळ आली नाही एवढेच? व्याख्या सैल असेल तर बेरीज करण्यात अर्थ नाही. दुसरे असे की, श्रेयाची वाटणी आधी ठरते आणि नोंदी जमविणाऱ्या प्रत्येकाचे नाव सहकारी म्हणून छापले जाते. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेव्हा तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकाच तक्त्यावर काम करण्यास संघटनेच्या दृष्टीने अनुकूलता आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तो तक्ता मराठी रुग्णाच्या उत्तरांवरून भरावयाचा आहे, हे विसरून चालणार नाही.

४. प्रश्नावलीची भाषा

येथे आपण भाषाभ्यासाच्या प्रत्यक्ष प्रदेशात येतो. उतारवयातील पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवीस जो त्रास होतो, तो मोजण्यासाठी अमेरिकेतील मायकेल बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सात प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे तीत जीवनमानाविषयीचा आठवा प्रश्न जोडला जाऊन ती आंतरराष्ट्रीय प्रोस्टेट लक्षण-गुणांक या नावाने सर्वत्र रूढ झाली. सात प्रश्नांपैकी प्रत्येकास ० ते ५ गुण असतात. एकूण ० ते ७ सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० ते ३५ तीव्र, अशी वर्गवारी करतात. मूळ अभ्यासात काही दिवसांच्या अंतराने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली असता दोन्ही वेळच्या गुणांतील सहसंबंध ०.९२ इतका आढळला; आणि शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांत सरासरी गुण १७.६ वरून ७.१ वर उतरले. म्हणजे ही केवळ प्रश्नांची माळ नसून चांगले पारखलेले मोजमापाचे साधन आहे. परंतु ते पारखले गेले इंग्रजीत. भाषांतरित रूप हे नवे साधन होय. त्याची पारख पुन्हा करावी लागते.

मराठीत आणताना कोणते प्रश्न उद्भवतात, ते पाहू.

(अ) सर्व प्रश्न गेल्या एका महिन्याविषयी आहेत. ‘गेल्या महिन्यात’ असे भाषांतर केल्यास मराठी माणूस बहुधा मागचा पंचांगी महिना समजतो. वीस जुलैला विचारले तर तो जूनची आठवण सांगेल. ‘गेल्या महिनाभरात’ असे म्हटले म्हणजे आजपर्यंतचे तीस दिवस येतात. एका ‘भर’ या प्रत्ययाने कालखंड बदलतो.

(आ) मूत्राशय पुरते रिकामे न झाल्याची जाणीव विचारणारा एक प्रश्न आहे. रुग्णाची स्वतःची तक्रार ‘लघवीला साफ होत नाही’ अशी असते. या ‘साफ’मध्ये अपुरे रिकामे होणे, धार मंद असणे, अडखळत होणे अशा तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात, आणि त्या तिन्हींसाठी प्रश्नावलीत स्वतंत्र प्रश्न आहेत. रुग्णाचा शब्द वापरावा तर अर्थ पसरतो. पुस्तकी शब्द वापरावा तर तो रुग्णास लागत नाही. उपाय म्हणजे अनुभवाचे वर्णन करणे: ‘लघवी करून उठल्यावरही आत थोडी राहिली आहे असे वाटते का?’

(इ) जोर करावा लागतो का, या प्रश्नासाठी ‘कुंथणे’ हे सुंदर मराठी क्रियापद आहे. परंतु व्यवहारात ते शौचाशी इतके जोडलेले आहे की, प्रश्नात ‘लघवी सुरू होण्यासाठी’ हे शब्द स्पष्टपणे घातले नाहीत, तर रुग्ण बद्धकोष्ठाचे उत्तर देण्याचा धोका राहतो.

(ई) ‘धार बारीक झाली’ आणि ‘धारेला जोर नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले जाडीविषयी आहे, दुसरे वेगाविषयी. प्रश्नावलीस दुसरे अभिप्रेत आहे.

(उ) उत्तरांची श्रेणी ‘पाचांपैकी एकदापेक्षाही कमी’, ‘निम्म्यापेक्षा कमी वेळा’, ‘जवळजवळ निम्म्या वेळा’ अशी चढत जाते. पावकी-निमकीच्या हिशेबात मुरलेल्या माणसासही आपल्या लघवीच्या खेपा अपूर्णांकांत मोजण्याची सवय नसते. तेव्हा ‘दहा खेपांपैकी साधारण किती खेपांना?’ असे विचारून उत्तर श्रेणीत बसवावे काय, की त्यामुळे मूळ साधनच बदलते, हा प्रश्न अनुभवाने तपासून पाहण्याजोगा आहे.

या अडचणींवर सर्वमान्य झालेली कार्यपद्धती अशी: दोन भाषांतरकारांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, दोन्हींचा मेळ घालावा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तींकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यावे, वैद्यकतज्ज्ञ व भाषातज्ज्ञ यांच्या समितीने फरकांचा निर्णय करावा, आणि मग तीस ते चाळीस व्यक्तींना प्रत्येक प्रश्न विचारून, ‘यातून तुम्हांला काय समजले?’ असे त्यांच्याच शब्दांत सांगण्यास लावावे. त्यानंतरच मोठ्या संख्येवर पारख करावयाची. त्या वेळी गुणांची तुलना लघवीच्या प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या यंत्राशीही करता येते. किमान १५० मिलिलिटर लघवी झाली असता कमाल वेग सेकंदाला १० मिलिलिटरपेक्षा कमी भरला, तर अडथळ्याचा संशय बळावतो; परंतु मूत्राशयच दुर्बळ असल्यासही वेग मंदावतो. म्हणून यंत्राचा आकडा आणि रुग्णाचे सांगणे यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

शाळेचे शिक्षण कमी झालेल्या रुग्णांसाठी दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये शब्दांऐवजी चित्रे वापरणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. दिवसा व रात्री किती वेळा जावे लागते, धार कशी पडते आणि त्रासामुळे मनःस्थिती कशी राहते, हे तीत चित्रांवरून दाखवावयाचे असते. कमी शिकलेल्या रुग्णांपैकी अधिक जणांना ही प्रश्नावली कोणाच्या मदतीवाचून भरता आली. रुग्णास समजत नाही म्हणून त्याला अभ्यासातून वगळण्याऐवजी साधनच त्याच्या जवळ नेले, हा येथील बोध आहे.

५. भाषाविभागाचे काम

संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीची संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेतली पाहिजे, असा दंडक वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत आहे. कागद मराठीत छापल्याने हा दंडक अक्षरशः पाळला जातो. अर्थाने पाळला जातोच असे नाही. ‘यादृच्छिक वाटप’, ‘प्रतिकूल घटना’, ‘सहभाग ऐच्छिक’ असे शब्द देवनागरीत असले, तरी बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर सकाळपासून ताटकळणाऱ्या माणसास ते परकेच वाटतात. ‘तुम्ही नाही म्हटले तरी तुमच्या औषधपाण्यात काही कमी होणार नाही’ हे वाक्य त्याला कळते. त्याच्या अंगठ्यास वा सहीस अर्थ येतो तो अशा वाक्याने.

म्हणून या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व सहकाऱ्यांना लेखकाचे सुचविणे असे: आपल्या गावातील वैद्यकीय महाविद्यालयात प्रबंधाचे आराखडे ठरत असतात, त्या वेळीच आपण तेथे असावे. भाषांतर समितीवर बसणे, उलट भाषांतर करून देणे, रुग्णांच्या मुलाखती त्यांच्या बोलीसह टिपणे आणि विदर्भ, कोकण, मराठवाडा येथे एकाच त्रासाला कोणकोणते शब्द आहेत याची सूची करणे, ही कामे आपली आहेत. त्यांतून बोलीविज्ञानाचा व अर्थविज्ञानाचा आपला स्वतःचा अभ्यासही पुढे जाईल. मात्र नीतिसमितीची मान्यता, रुग्णाची गुप्तता आणि नोंदींची शिस्त हे वैद्यकीय संशोधनाचे नियम आपल्यालाही तितकेच बंधनकारक राहतील.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सांगावयाचे ते एवढेच की, दूरच्या शिष्यवृत्तीची वाट पाहत पहिली संधी दवडू नये. बाह्यरुग्ण विभागात बसावे, दहा रुग्णांच्या तक्रारी त्यांच्याच शब्दांत लिहून काढाव्यात आणि त्या दहांत कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो सर्वांच्या तोंडी एकाच अर्थाने येतो काय, हे पाहावे. तेथून निघालेला लहानसा प्रश्न आराखड्याच्या रूपाने मार्गदर्शकापुढे ठेवावा. आपला त्रास सहसा कोणाजवळ न बोलणारा रुग्ण संशोधकाजवळ तो बोलून दाखवितो, तेव्हा त्याने संकोच दूर सारून काही दिलेले असते. ते नीट ऐकून नीट नोंदविणे ही त्याची किमान परतफेड होय.